अख्ख्या गावाचा वस्तरा

आमच्या गावात हजामत शाळेपुढच्या पाराशी व्हायची. दिवस कासराभर वर आला की तात्या काखेत धोकटी मारून यायचे, पिंपळाच्या बुंध्याला पाठ लावून बसायचे आणि पुढ्यात धोकटी उलगडायचे. तिच्यात असायचं तरी किती? दोन वस्तरे, कात्री, नखं काढायची नराणी, कान कोरायची कोरणी, तळहातावर मावेल एवढा आरसा, पितळी वाटी, निसण्याचा दगड आणि चामड्याचा एक काळा पडलेला पट्टा. गिऱ्हाईकानं समोर उकिडवं बसायचं आणि आरसा आपल्याच हातात धरायचा. साबण वगैरे काही नाही. वाटीतलं गार पाणी गालाला चोळायचं, खुंट मऊ पडेपर्यंत चोळत राहायचं. दाढी चांगली होणं न होणं निम्मं त्या चोळण्यावरच असायचं. ‘बिनपाण्यानं केली’ असं आपण उगाच म्हणत नाही.

आम्हा पोरांचं डोकं तात्या दोन गुडघ्यांत आवळून धरायचे. हाललं की वरून टपली. त्या अवस्थेत मान खाली घालून दिसायचं ते एवढंच : जमिनीवर पडणारे आपलेच केस, तात्यांचा धोतराचा काठ आणि मधूनच पट्ट्यावर पालथा-उताणा होणारा वस्तरा. चट्-पट्, चट्-पट्. पात्याच्या मानेवर काहीतरी कोरलेलं होतं. मला तेव्हा इंग्रजी येत नव्हतं. एक मुकुटासारखं चित्र, त्याच्या दोन बाजूंना एकेक अक्षर आणि खाली एक लांबलचक ओळ. ‘राणीचा शिक्का हाय त्यो,’ असं तात्या सांगायचे. वस्तरा त्यांच्या आज्जाचा होता.

वर्षाची मजुरी सुगीत, खळ्यावर. बाराही महिने गावाची डोकी आणि दाढ्या करायच्या, लग्नात नवरदेवाचं सगळं करायचं, पोराचं जावळ काढायचं आणि त्याबदल्यात धान्य आणि कडब्याच्या पेंढ्या घरी न्यायच्या. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला, त्यात बलुतेदारांची ही सगळी घडण आली आहे. आमच्या गावात ती माझ्या लहानपणापर्यंत तग धरून होती, मग हळूहळू रोख पैसे आले.

तात्या गेले. त्यांचा मुलगा माझ्या वर्गातला. त्यानं तालुक्याला सलून काढलं. खुर्ची आली, मोठे आरसे आले, फवारा आला. नव्वदच्या दशकात एड्सची भीती पसरली आणि गिऱ्हाईक खुर्चीत बसण्याआधी ‘ब्लेड नवं हाय न्हवं?’ असं विचारायला लागलं. अर्धं ब्लेड अडकवायचा वस्तरा सगळीकडे झाला. धार लावायचं कामच संपलं. निसण्याचा दगड त्याच्या बायकोनं मिरच्या वाटायच्या पाट्याखाली टेकण म्हणून लावला.

मी मास्तरकीतून निवृत्त झालो तेव्हा एकदा बोलता बोलता त्या वस्तऱ्याचा विषय निघाला. त्यानं ट्रंक उघडली. दोन्ही वस्तरे एका फडक्यात होते. एक जर्मन, ‘सोलिंगन’ लिहिलेला, तो त्यानं ठेवून घेतला. खंडेनवमीला तोच पुजतो. दुसरा, मुकुटवाला, माझ्या हातात दिला. ‘ने. घासून-पुसून ठेव. माझ्याकडं गंजूनच जायाचा.’

तो मी कसा ठेवला ते सांगायला हवं. गंज बराच होता. मला वाटलं, चकचकीत करून घ्यावा आणि त्याला दाखवावा. आठवड्याच्या बाजारात विजेच्या चाकावर कात्र्या-विळ्यांना धार लावणारा एक जण बसायचा. त्याच्याकडे दिला. त्याचा दोष नाही. मी विळा दिल्यासारखा दिला, त्यानं विळ्यासारखा घासला. ठिणग्या उडाल्या. दोन मिनिटांत वस्तरा आरशासारखा झाला आणि धारेकडं एक सुंदर निळी-जांभळी झाक आली. मी खूश. घरी आल्यावर चष्मा लावून पाहिलं तर मानेवरचा मुकुट गेला होता, अक्षरं गेली होती, खालच्या ओळीतली शेवटची चार-पाच अक्षरं तेवढी पुसट उरली होती. आणि त्या निळ्या जागेवर नख घासलं तर धार वळली.

त्या निळ्या रंगाचा अर्थ मला नंतर कळला. वस्तऱ्याचं पोलाद लाल तापवून एकदम थंड करतात. त्यानं ते काचेसारखं कडक होतं आणि काचेसारखंच ठिसूळ. मग पुन्हा मंद तापवून त्याचा ठिसूळपणा काढायचा. गव्हाच्या काडासारखा फिकट पिवळा रंग आला की थांबायचं. हा रंग साधारण सव्वादोनशे अंशांना येतो. निळा येतो तीनशेच्या आसपास. निळ्यापर्यंत गेलेल्या पोलादाची स्प्रिंग चांगली होते, वस्तरा होत नाही. म्हणजे तात्यांच्या आज्जापासून तीन पिढ्यांनी सांभाळलेलं पाणी मी दोन मिनिटांत उतरवलं होतं. वर त्याचे वीस रुपये दिले होते.

मित्राला मी हे बरेच दिवस सांगितलं नाही. पण तेव्हापासून एक नाद लागला. तसाच दुसरा वस्तरा शोधायचा. निदान तो होता तरी काय, हे कळावं.

पुण्यात मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. मुंबईचा चोर बाजारही मी पाहिला, पण तिथले दुकानदार जाणते. ते वस्तूआधी गिऱ्हाईकाचे बूट बघतात. जुन्या बाजारात जमिनीवर कापड अंथरून बसणारे बरे. नळाच्या तोट्या, चष्म्याच्या काड्या, कुलपं, फोटोच्या चौकटी, बंद घड्याळं; आणि मधेच एखादा वस्तरा, बहुधा मिटलेला, गंजानं मुठीत घट्ट बसलेला. विकणाऱ्याला तो काय आहे हे माहीत असतं, पण कोणता आहे ते माहीत नसतं. तेवढ्या फटीतूनच आपल्याला आत शिरायचं असतं.

पहिली चूक सगळेच करतात, मीही केली : मूठ बघून घ्यायचं. मूठ देखणी असली की आपण भुलतो. मूठ नंतर बदलता येते. पातं बदलता येत नाही. म्हणून वस्तरा हातात आला की आधी उघडायचा. जोर करून नाही, पाठीकडून दोन बोटांनी धरून. मग उन्हाकडे करून धार बघायची. वर-वरचा तांबडा गंज निघतो, त्याची चिंता नाही. काळे खोल खड्डे धारेच्या जवळ असतील तर ठेवून द्यायचा, कितीही मोठं नाव असलं तरी. धार लावताना पोलाद झिजत जातं, खड्डा धारेवर येतो आणि धार करवतीसारखी होते. मग नख लावून हलकी टिचकी मारायची. पातळ पातं असेल तर आवाज स्वच्छ येतो. बद्द वाजलं तर कुठंतरी केसाएवढी चीर आहे असं समजावं.

रुंदी वस्तऱ्याची जगभर इंचाच्या आठव्या हिश्शात सांगतात. आपला सुतार अजून सुतात मोजतो, आणि इंचाचे सूत आठ. त्यामुळं मला ते हिशोब कुणाकडून शिकावे लागले नाहीत : पाच सुती वस्तरा हा नेहमीचा, सहा आणि सात सुती जड हाताचे. पाच सुती म्हणून घेतलेला जेमतेम चार भरला तर समजायचं, बाकीचा एक सूत दगडावर गेला.

हे झिजणं बघण्यासारखं असतं. वस्तऱ्याची धार काढताना तो दगडावर पूर्ण आडवा ठेवतात. धार आणि पाठ, दोन्ही दगडाला टेकलेल्या. पाठीची जाडीच धारेचा कोन ठरवते, न्हाव्याला तो धरावा लागत नाही. धार पुढे ठेवून दगडावर, पाठ पुढे ठेवून पट्ट्यावर. म्हणजे धारेबरोबर पाठही झिजते, आणि ती कशी झिजली यावरून हात कळतो. एखाद्याचा जोर टोकाकडं असायचा, त्याच्या वस्तऱ्याचं टोक बारीक झालेलं. एखादा मधेच दाबायचा, त्याची धार नांगरटीनं मधे खचलेल्या बांधासारखी आत गेलेली. एखाद्याची पाठ टाचेपासून टोकापर्यंत एकसारखी सपाट झालेली, धार सरळ. असा वस्तरा हातात आला की वाटतं, हा माणूस गडबडीत कधी बसलाच नसेल. नाव कुणाचंच कुठं लिहिलेलं नसतं. लिहिलेलं असतं ते कारखानदाराचं.

कारखानदाराचं नाव बहुतेक वेळा इंग्लंडातल्या शेफिल्ड गावचं. त्या गावात सुऱ्या-कात्र्या करणाऱ्यांची रीतसर संघटना १६२४ मध्येच कायद्यानं उभी राहिली, आणि कोणी कोणता शिक्का मारायचा याची नोंद ती ठेवायची. १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन या घड्याळं करणाऱ्या माणसानं मातीच्या मुशीत पोलाद वितळवून एकजीव करायची रीत बसवली. त्यानंतरच्या वस्तऱ्यांवर ‘कास्ट स्टील’ असं अभिमानानं कोरलेलं सापडतं. पुढे जर्मनीतलं सोलिंगन या धंद्यात उतरलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पुष्कळ ठिकाणी पुढं गेलं. सोलिंगन या नावाची नक्कल इतकी होऊ लागली की १९३८ मध्ये ते नाव वापरण्यावर तिथं कायदाच करावा लागला. बाजारात खोटं सोलिंगन आजही मिळतं. पात्यावर सोनेरी नक्षी, वर मोठ्ठं नाव, आणि हातात घेतलं तर धड मिटत नाही.

जुना कोणता, नवा कोणता, हे ओळखायला दोन-तीन खुणा पुरतात. अठराव्या शतकातल्या वस्तऱ्याला मागचं शेपूट अगदी आखूड असतं किंवा नसतंच. १८०० नंतर ते लांबत गेलं. पातं पाचरीसारखं जाड असेल तर जुनं. दोन्ही बाजूंनी खोल, कागदासारखं पातळ केलेलं असेल तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं किंवा त्यानंतरचं. देशाचं नाव हीही एक चांगली खूण. ब्रिटननं १८८७ मध्ये आणि अमेरिकेनं १८९० मध्ये आयात मालावरच्या खुणांचे कायदे केले, तेव्हापासून ‘इंग्लंड’, ‘जर्मनी’ असं कोरायची पद्धत पडली. नुसतं ‘शेफिल्ड’ असेल आणि देश नसेल तर बहुधा त्याआधीचा. बहुधाच. पक्कं काही नाही.

आणि मुकुट. मुकुटाच्या दोन बाजूंना ‘व्ही’ आणि ‘आर’ असतील तर व्हिक्टोरिया, म्हणजे १८३७ ते १९०१. ‘डब्ल्यू आर’ असेल तर तिच्या आधीचा चौथा विल्यम, १८३० ते १८३७. ‘जी आर’ असेल तर कुठला तरी जॉर्ज. तात्या ‘राणीचा शिक्का’ म्हणायचे, म्हणून मी व्हिक्टोरिया धरून चाललो आहे. पण त्यांनाही इंग्रजी येत नव्हतं. कदाचित त्यांना राणी कुणीतरी सांगितली असेल, आणि असेल तो जॉर्ज.

काही वस्तऱ्यांवर ‘सिल्व्हर स्टील’ असं कोरलेलं असतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, चांदी घातली असणार, महाग असणार. त्यामागची गोष्ट चांदीपेक्षा चांगली निघाली, आणि ती मुंबईतून सुरू होते. १७९० च्या दशकात मुंबईतल्या हेलेनस स्कॉट नावाच्या स्कॉटिश डॉक्टरनं इथल्या पोलादाच्या ढेपा लंडनला पाठवल्या. त्या पोलादाला ते लोक ‘वूट्झ’ म्हणत. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सननं त्यावर निबंध लिहिला. त्याच्या शीर्षकातच हे पोलाद मुंबईत बनतं असं म्हटलं आहे. खरं तर ते तेलंगण-म्हैसूरकडच्या भट्ट्यांतलं. मुंबईहून आलं म्हणून मुंबईचं. कोल्हापुरात मिळतो म्हणून गूळ शहरात पिकतो असं कुणी म्हणावं, तशातली गत. लंडनमधला सुऱ्या-वस्तरे करणारा जेम्स स्टोडार्ट या पोलादाच्या नादाला लागला. त्याच्या जोडीला आला तरुण मायकेल फॅरेडे, तोच विजेवाला. दोघांनी हे आपल्याकडचं पोलाद तपासलं, त्याचं मर्म काय ते शोधण्यासाठी पोलादात चांदीपासून ऱ्होडियमपर्यंत नाना धातू मिसळून पाहिले आणि १८२० व १८२२ मध्ये ते छापलं. फॅरेडेनं असल्या पोलादाचे वस्तरे करवून मित्रांना भेट दिले होते. मग शेफिल्डवाल्यांनी ‘सिल्व्हर स्टील’ हे नाव उचललं. पुष्कळांच्या पोलादात चांदीचा कणही नसेल, पण शिक्का खपत होता. इथल्या लोहारांचं पोलाद तिकडं गेलं आणि त्याची कीर्ती शिक्का होऊन इथल्याच धोकटीत परत आली.

मुठींचंही सांगून टाकतो. शिंगाची मूठ मिळाली तर उत्तम. तिला किडे लागतात, ती वाकते; पण गरम पाण्यात मऊ करून सरळ करता येते. पांढरीशुभ्र, पिवळट झाक असलेली मूठ बघून हस्तिदंत म्हणणारे विक्रेते भेटतात. खरोखर हस्तिदंत असेल तर हात लावू नये. त्याची खरेदी-विक्री वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. बहुतेक वेळा ते हाड किंवा सेल्युलॉइड निघतं. सेल्युलॉइड मात्र ओळखता आलं पाहिजे. घासलं की कापराचा वास येतो, आणि विस्तव लागला तर भडकतं. जुनं झालं की ते आतून कुजतं, त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि पातं नेमकं मुठीच्या आत असतं तेवढ्याच जागी गंजतं. माझा एक चांगला सहा सुती जर्मन असाच गेला. आणि एका पेटीत ठेवलेले शेजारचे दोनही घेऊन गेला. आंब्याच्या अढीतला एक नासका, तसं.

चकचकीत करायचं मी सोडलं. रॉकेलमध्ये दोन दिवस ठेवायचा, लाकडाच्या ठोकळ्यावर बारीक पॉलिश पेपर गुंडाळून पाण्यानं हातानं घासायचा, शिक्क्याच्या जागेला कागद लावायचाच नाही. काळे डाग राहतात, राहू देतो. पुण्यात एका गृहस्थांनी माझे वस्तरे पाहून ‘अजून बरंच काम बाकी आहे’ असं म्हटलं. मी हो म्हटलं.

या वस्तऱ्यांच्या काळातली एक गोष्ट मी गावात सांगत असे. १८९० साली मुंबईत ‘दीनबंधू’चे संपादक, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिक मंडळींची सभा भरली आणि विधवांचं केशवपन आपण करायचं नाही असं त्यांनी ठरवलं. कायदा नव्हता, सरकारची सक्ती नव्हती. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला. व्ही आर शिक्क्याचा एखादा पाचरी वस्तरा हातात आला की माझ्या मनात यायचं, हा त्या दिवशी कुणाच्या धोकटीत असेल का? शाळेत असताना मी ही गोष्ट पोरांना दर वर्षी सांगत असे, आणि मग तात्यांबद्दल सांगत असे. अख्ख्या गावाच्या तोंडावरून फिरलेला वस्तरा, असे माझे शब्द असायचे.

गुरुजी जुने वस्तरे घेतात, ही बातमी आसपासच्या गावांत पसरायला वेळ लागला नाही. लोक काय काय घेऊन यायचे! बकरं कापायचा सुरा, मोडकी कात्री, एकानं तर भात्यातला तुटका नांगराचा फाळ आणला. त्यांना चहा पाजून परत पाठवायचो. एका दुपारी भीमनगरातले एक म्हातारे बाबा आले. वय ऐंशीच्या पुढं. टोपीतून कागदाची पुडी काढली. आत एक वस्तरा.

मी त्यांना ओट्यावर बसवलं. ते खाली बसायला निघाले होते, मी ‘वर बसा’ म्हटलं तेव्हा बसले. वस्तरा उघडला. शिक्का नव्हता. मूठ बाभळीची, दोन पट्ट्या तारेच्या तुकड्यानं जोडलेल्या. पातं जाड, ओबडधोबड. मानेवर तिरप्या बारीक रेघा होत्या, एकमेकींना छेदणाऱ्या. मी भिंग आणून बघितलं. कानशीचे दाते. जुनी कानस तापवून, ठोकून कुणीतरी तिचा वस्तरा केला होता. कानशीचं पोलाद वस्तऱ्याला चालतं, पण ठोकून वस्तऱ्याच्या जाडीवर आणणं आणि पाणी देणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे.

‘कुणी केला बाबा?’

‘आमचा बाप रेल्वेच्या कामावर व्हता. तितं वर्कशापात टाकून दिल्याली कानस. तितल्याच एका मिस्तरीनं करून दिला.’

‘मग न्हावी तुमच्यातलेच कुणी होते का?’

‘न्हावी कुठला? आमचं आमीच करायचो. बाप चुलत्याची करायचा, चुलता बापाची. मग सगळ्या आळीचीच करायला लागला.’

मी आतून तात्यांचा वस्तरा आणला. चाकावर गेलेला, शिक्का पुसलेला. का आणला, मला सांगता येणार नाही. कौतुकानंच असेल. म्हटलं, ‘हा बघा बाबा. आपल्या तात्यांचा. अख्ख्या गावाच्या तोंडावरनं फिरलाय.’

म्हाताऱ्यानं तो हातात घेतला नाही. नुसता बघितला. ‘अख्ख्या न्हवं, गुरुजी,’ ते म्हणाले.

आवाजात राग नव्हता. पोराची बेरीज चुकल्यावर आपण सांगतो तसं.

मुंबईच्या त्या सभेची गोष्ट माझ्या ओठावर आली होती. ती मी गिळली.

मला पार आठवत होता. सकाळची रांग आठवत होती. त्या रांगेत कोण नसायचं, हे साठ वर्षांत मला एकदाही आठवलं नव्हतं. अस्पृश्यतेचा गुन्हा ठरवणारा कायदा १९५५ चा. सेवा नाकारणं हाही त्यात गुन्हा होता. माझं डोकं तात्यांच्या गुडघ्यांत होतं ते त्यानंतरच्या काळात. तात्या मनानं वाईट माणूस नव्हते. त्यांनी भीमनगरात, तेव्हाच्या महारवाड्यात, वस्तरा नेला असता तर दुसऱ्या दिवशी पाराशी कुणी बसलं नसतं आणि सुगीत खळ्यावर त्यांना कुणी उभं केलं नसतं. माझ्या वडिलांनीही नसतं केलं. हे सगळं मला त्या ओट्यावर बसल्या बसल्या सुचत होतं, आणि यातलं एकही वाक्य बाबांना सांगण्यासारखं नव्हतं.

‘काय घेणार?’ मी विचारलं.

‘तुमी ह्या साहेबाच्या वस्तऱ्याला काय देता?’

शेजारी ताटलीत परवाच आणलेला शेफिल्डचा एक पडला होता. त्याला मी आठशे दिले होते. तसं सांगितलं.

‘मग तेवढंच द्या.’

दिले. पैसे मोजून त्यांनी टोपीत ठेवले. पुडीचा कागद घडी घालून तोही ठेवला.

सोमवारी मित्राचं सलून बंद असतं. तेव्हा तालुक्याला गेलो. बरोबर तीन वस्तरे : त्याच्या वडिलांचा मी बिघडवलेला, जुन्या बाजारातला मुकुटवाला, आणि हा. पहिल्याचं सगळं सांगितलं. त्यानं तो उन्हात धरला, निळ्या जागेवर नख फिरवलं. ‘मास्तर, हे चाक कुणाकडं नेलंवतं?’ एवढंच विचारलं आणि वस्तरा मिटून खिशात घातला. परत दिला नाही. बाजारातला मुकुटवाला बघून म्हणाला, ‘व्हय, असलाच. पर आमच्या शिक्क्याची ओळ लांब हुती.’

मग कानशीचा हातात घेतला. त्याच्याकडं अजून पट्टा आहे, आरशामागे खिळ्याला टांगलेला. त्यानं तो ताणून धरला आणि वस्तरा फिरवायला लागला. चट्-पट्. हात अगदी वडिलांचा. वीस-पंचवीस फेऱ्या झाल्यावर मनगटावरच्या केसांना लावला. केस उडाले.

‘पाणी बेस दिलंय. कुणाचा?’

मी सांगितलं, कुणाचा आणि का.

तो काही बोलला नाही. आणखी दहा फेऱ्या पट्ट्यावर मारल्या, फडक्यानं पुसला, पुन्हा उजेडात धरला. मग म्हणाला, ‘खोबरेल लावू नको ह्येला, चिकाट धरतं. शिलाई मशिनचं तेल लाव, आणि मूठ सोडून एक दिवस उन्हात ठेव. तारंखाली गंज हाय.’